विजेची गाडी स्वस्त की महाग? हिशेब आठव्या वर्षाचा करा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील व्यापारी व कारागीर बांधवांकडून अलीकडे एकच प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. जुनी गाडी थकली आहे, नवी घ्यायची आहे. पेट्रोलची घ्यावी की विजेची? विचारणारा बहुधा उत्तर मनात ठरवूनच आलेला असतो. ज्याच्या मेव्हण्याने नागपुरात विजेची कार घेतली आहे, तो "एका रुपयात किलोमीटर" असे छातीठोक सांगतो. ज्याने कुठे तरी स्कूटर जळताना पाहिली आहे, तो कानाला हात लावतो. कागद-पेन्सिल मात्र दोघांनीही हातात घेतलेली नसते. शंभर रुपयांच्या मालावर दोन रुपये सुटतात की अडीच, याचा रात्री दुकान वाढवताना हिशेब करणारा माणूस दहा लाखांची गाडी ऐकीव माहितीवर घेतो, याचे आम्हांला नेहमीच नवल वाटत आले आहे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. कोणती गाडी स्वस्त, हे शोरूममध्ये लावलेल्या किमतीवर ठरत नाही आणि पेट्रोल पंपाच्या पाटीवरही ठरत नाही. गाडी महिन्याला किती किलोमीटर धावते, कोणत्या रस्त्याने धावते, आणि सात-आठ वर्षांनी ती बिघडली तर तिला हात लावणारा मिस्त्री आपल्या गावात असेल की नाही, या तीन गोष्टींवर ते ठरते. पहिल्या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या आहेत. तिसरी आपणा सर्वांची आहे, आणि तिच्याकडेच कोणी पाहत नाही.

आधी आकडे पाहू. हिशेबासाठी आम्ही पेट्रोल १०५ रुपये लिटर धरतो. लहान पेट्रोल कार एसी लावून, गावातल्या गर्दीतून आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांतून १५ चे ॲव्हरेज देते. कंपनीच्या कागदावर वीस-बावीस लिहिलेले असते, ते विसरावे. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. विजेची लहान कार एका युनिटमध्ये साधारण ७ किलोमीटर जाते. चार्जिंग होताना जी वीज वाया जाते तीही यात धरली आहे. युनिट १४ रुपयांचे धरले तर किलोमीटरला २ रुपये पडतात. फरक झाला ५ रुपयांचा.

युनिट १४ रुपयांचे, हे वाचून पुष्कळांच्या भुवया उंचावतील. घरचे बिल भागून पाहिले तर एवढा दर पडत नाही, असे ते म्हणतील. इथेच गफलत होते. महावितरणच्या घरगुती बिलात दर पायरी-पायरीने चढतो. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० बरीच महाग, ३०० च्या पुढे आणखी महाग. वर वहन आकार आणि वीज शुल्क वेगळे. गाडीला लागणारी वीज तुमच्या पंखा-दिव्याच्या वर येऊन बसते, म्हणजे ती नेहमी महागड्या पायरीवरच मोजली जाते. घरात महिन्याला २०० युनिटे जळत असतील आणि गाडी १,००० किलोमीटर धावत असेल, तर तिला आणखी १४३ युनिटे लागतील आणि बिल ३४३ युनिटांवर जाईल. त्या वरच्या १४३ युनिटांचा दर काय पडतो, हे आपापल्या बिलावरून काढावे. उन्हाळ्यात कूलर-एसी सुरू झाला की हा दर आणखी वर सरकतो, आणि आपल्याकडे उन्हाळा किती महिन्यांचा असतो हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र आपल्या उशाशी. त्याची राख आणि धूर आपल्या वाट्याला. पण युनिटचा दर पुण्या-नाशिकच्या ग्राहकाला पडतो तोच. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता खरेदीची किंमत. जवळपास सारख्या आकाराची पेट्रोल कार साडेसहा लाखांची आणि विजेची दहा लाखांची, असे धरू. पेट्रोल कारवर आपल्या राज्यात खासगी मालकाला दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो. म्हणजे ७१,५०० रुपये. महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने विजेच्या गाडीला हा कर ३१ मार्च २०३० पर्यंत माफ केला आहे. तेवढी वजाबाकी करता रस्त्यावर येईपर्यंत फरक राहतो सुमारे २ लाख ८० हजारांचा. २०२५ च्या सप्टेंबरपूर्वी कोणी हिशेब मांडून ठेवला असेल तर तो फाडून टाकावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल कारवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून थेट १८ टक्क्यांवर आला, तर विजेच्या गाडीवर तो ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच आहे. पेट्रोल कार स्वस्त झाली आणि दोहोंतील अंतर पुन्हा रुंदावले.

हे २ लाख ८० हजार रुपये किलोमीटरला ५ रुपयांच्या बचतीतून फेडायचे आहेत. महिन्याला २,००० किलोमीटर चालणाऱ्याचे ते सव्वादोन-अडीच वर्षांत फिटतात. १,००० किलोमीटर चालणाऱ्याला पावणेपाच वर्षे लागतात. आणि ज्याची गाडी महिन्याला जेमतेम ५०० किलोमीटर चालते, म्हणजे शुक्रवारी बाहेर निघते, लग्नकार्याला जाते आणि एरवी अंगणात उभी असते, त्याला नऊ वर्षांहून अधिक लागतात. तोवर बॅटरीची हमी संपलेली असते. अशा गृहस्थाने पेट्रोलची गाडी घ्यावी, नाही तर चांगली जुनी पाहून घ्यावी, आणि शेजाऱ्याची विजेची गाडी पाहून मन कष्टी करून घेऊ नये.

देखभालीचे काय, असे कोणी विचारील. विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही. वर्षाला काही हजार रुपये नक्की वाचतात. पण ती वजनाने जड असते, त्यामुळे टायर लवकर झिजतात. तिच्या थर्ड पार्टी विम्यात २०२२ पासून १५ टक्के सूट आहे, परंतु गाडीची किंमतच जास्त असल्यामुळे स्वतःच्या नुकसानीचा विमा जास्त पडतो. आमच्या मते हे सारे एकमेकांत बरेचसे फिटते. वर्षाकाठी थोडे फार विजेच्या बाजूला झुकते, इतकेच.

खरी गोष्ट भांडवलाची आहे, आणि व्यापाऱ्याने इथे थांबून नीट विचार करावा. जो हप्त्यावर गाडी घेतो, त्याला वरच्या २ लाख ८० हजारांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे ६९ हजार रुपये व्याज जाते. महिन्याला १,००० किलोमीटर चालणाऱ्याची ती जवळजवळ चौदा महिन्यांची बचत झाली. पावणेपाच वर्षांचा हिशेब सहा वर्षांवर जातो. शोरूममधला माणूस हप्ता सांगतो, हे सांगत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण व्याजाच्या वाटेला जात नाहीत, रोखीने घेतात. त्यांनी आपल्याला हा खर्च लागत नाही असे समजू नये. रोखीचे पैसे आकाशातून पडत नाहीत, ते दुकानातून निघतात. एखाद्या कापडवाल्याचे २ लाख ८० हजार रुपये मालात असतील, तो माल वर्षातून चार वेळा फिरत असेल आणि सर्व खर्च वजा जाता शेकडा ५ सुटत असतील, तर त्या रकमेवर त्याला वर्षाला ५६ हजार मिळतात, आणि मुद्दल दुकानात शाबूत राहते. तीच रक्कम विजेच्या कारमध्ये घातली आणि गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालली, तर वर्षाला ६० हजार वाचतात, पण मुद्दल गाडीबरोबर झिजत जाते. म्हणजे या दुकानदाराला विजेची कार परवडत नाही, मग ती कितीही "स्वस्तात" धावो. उलट ज्याचे पैसे चालू खात्यात नुसते पडून आहेत, माल भरायला जागा नाही किंवा धंदाच तेवढा मोठा नाही, त्याला ती परवडते. दोघांची गाडी एक, रस्ता एक, आणि उत्तरे मात्र वेगळी.

सरकारी सवलतींबद्दल आमचा सल्ला साधा आहे. हातात पडेपर्यंत त्या हिशेबात धरू नका. केंद्राची फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली. तिच्या जागी १ ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कारला एक पैसाही नाही. राज्याच्या धोरणात खरेदीवर सवलत आहे, पण ती ठरावीक संख्येच्या गाड्यांपुरतीच आहे. टोलमाफीचा गवगवा फार झाला. समृद्धी महामार्गावर विजेच्या कार आणि बसला ऑगस्ट २०२५ पासून ती मिळाली. नागपूरहून मुंबईकडे वारंवार जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. पण मालवाहू गाडीला ती नाही, हे आमच्या बांधवांनी ध्यानात ठेवावे. आयकरात विजेच्या गाडीवर घसारा ४० टक्के आणि साध्या कारवर १५ टक्के मिळत आला आहे; पण जे अंदाजित नफ्यावर कर भरतात, म्हणजे आपल्यातले बहुतेक छोटे दुकानदार, त्यांना त्याचा उपयोग नाही.

कार हा आपल्या लोकांचा खरा प्रश्न नाहीच. खरा प्रश्न तीनचाकीचा आणि लहान मालगाडीचा आहे. २०२४ मध्ये भारतात विकल्या गेलेल्या तीनचाकी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या, आणि कारमध्ये हे प्रमाण शेकडा दोन-अडीचच होते. याचा अर्थ काय? गाडीवर ज्याचे पोट आहे, ज्याला संध्याकाळी नोटा मोजून घरी जायचे असते, त्याने आधी उडी घेतली. हौसेने फिरणारा मागे राहिला. रिक्षावाल्याचा हिशेब प्राध्यापकाच्या हिशेबापेक्षा पक्का असतो, हे आमचे जुने मत आहे.

माल भरलेली पेट्रोल तीनचाकी लिटरला २५ किलोमीटर देते असे धरू. किलोमीटरला ४ रुपये २० पैसे. विजेची युनिटला १० किलोमीटर गेली तर १ रुपया ४० पैसे. चंद्रपूरहून बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, भद्रावती असा रोजचा फेरा करणारा माणूस दिवसाला ८० किलोमीटर आणि महिन्याला २,००० किलोमीटर सहज चालतो. त्याचे महिन्याला ५,६०० रुपये वाचतात. दोन गाड्यांच्या किमतीत सव्वा लाखाचा फरक असला तरी दोन वर्षांच्या आत तो निघतो. शिवाय ऑक्टोबर २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे बॅटरीवरच्या वाहतूक गाडीला परमिट लागत नाही. विमा, लायसन्स आणि फिटनेस मात्र लागतेच. हिरवी पाटी लावली म्हणजे सारे माफ, असे समजणाऱ्यांना चौकात दंड भरावा लागतो.

जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवर भरलेला कर वळता करून घेता येतो. म्हणजे ५ टक्के आणि १८ टक्के यांतला जो फरक विक्रेता मोठ्याने सांगतो, तो अशा व्यापाऱ्याला उरतच नाही. ज्याने कंपोझिशन घेतले आहे किंवा ज्याची नोंदणीच नाही, त्याला मात्र तो फरक पुरेपूर मिळतो. दोन भावांची दुकाने शेजारी-शेजारी असली तरी या एका मुद्द्यावर त्यांची उत्तरे बदलू शकतात.

साध्या ॲसिडच्या बॅटरीची ई-रिक्षा सर्वांत कमी पैशांत मिळते, म्हणून तिच्यावर उड्या पडतात. त्या बॅटऱ्या वर्ष-दीड वर्षात बसतात आणि पुन्हा नव्या घ्याव्या लागतात. घेताना वाचलेले पैसे दुसऱ्या-तिसऱ्या संचात जातात. ज्याला लिथियमची घेणे शक्य आहे, त्याने तिकडेच पाहावे.

आता रस्ता. आपले दोन जिल्हे नकाशावर शेजारी आहेत. गाडीच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे मुलूख आहेत. चंद्रपूर ते गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर. लहान विजेची कार सकाळी भरून निघाली तर जाऊन-येऊन उरते. चंद्रपूर ते नागपूर दीडशे. इतवारी-गांधीबागेत माल घ्यायला गेलेल्या माणसाला परत येण्याआधी कुठे तरी चार्जिंग करावेच लागते, कारण कागदावर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर जाणारी लहान कार मे महिन्यात एसी लावून दोनशेच्या आतच दमते. बाहेरच्या चार्जरवर युनिट कर धरून वीस-पंचवीस रुपयांना पडते. ५ रुपयांची बचत साडेतीनवर येते. तरीही हा व्यवहार तोट्याचा नाही. माल बांधला जात असताना गाडी भरून घेतली, की वेळही फुकट जात नाही.

पण गडचिरोलीहून पुढे आलापल्ली, एटापल्ली, भामरागड किंवा सिरोंच्याकडे वळले की हिशेबाची भाषाच बदलते. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या वर, भामरागड पावणेदोनशेच्या आसपास; दोन्ही बाजूंना जंगल, रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाटच बंद. अशा ठिकाणी आठवडी बाजार करणाऱ्या बांगडीवाल्याचे, भांडीवाल्याचे किंवा कपडेवाल्याचे उत्पन्न एका दिवसाचे असते. बाजार हुकला की आठवडा हुकला. वीज गेली, चार्जर बंद निघाला, गाडी वाटेत उभी राहिली आणि ती ओढून आणायला दुसरी गाडी बोलवावी लागली, तर वर्षातले असे तीन-चार दिवस किलोमीटरमागच्या पाच रुपयांची सारी बचत गिळून टाकतात. पेट्रोल निदान कॅनमध्ये भरून आणता येते. अहेरीच्या पलीकडे धंदा करणाऱ्यांना आम्ही आज विजेची गाडी घ्या असे सांगणार नाही. चार्जर आणि दुरुस्ती दोन्ही तिथवर पोचली की पुन्हा पाहू. अहेरी किंवा आलापल्ली गावातल्या गावात माल पोचवणाऱ्या तीनचाकीची गोष्ट वेगळी. तिने रात्री घरी यायचेच असते.

ज्यांचे रनिंग कमी आहे, त्यांना आणखी एक वाट आहे, ती म्हणजे किलोमीटर एकत्र करण्याची. एकाच बाजाराला जाणारे चार दुकानदार चार जुन्या गाड्या काढतात आणि चौघांच्याही अर्ध्या रिकाम्या धावतात. भिशी आपल्याकडे घरोघरी चालते. तिच्यातून सोने घेतले जाते, लग्ने निघतात. एक विजेची मालगाडी घेऊन चौघांनी वार वाटून घेतले, तर ५०० किलोमीटरवाले चारजण मिळून २,००० किलोमीटरवाले होतात, आणि व्याजाचाही प्रश्न उरत नाही. भांडण होईल, असे लोक म्हणतात. वार, भाडे आणि दुरुस्तीचा वाटा लिहून ठेवला तर भांडण होत नाही. तोंडी ठेवला तर सख्ख्या भावांतही होते.

घराच्या छतावर जागा असेल तर सौर पॅनेलचा विचार जरूर करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एवढा संच आपल्या उन्हात महिन्याला तीनशेच्या आसपास युनिटे देतो; घर आणि गाडी मिळून बरेचसे भागते, आणि वरच्या पायरीची महाग वीज घ्यावीच लागत नाही. ज्या उन्हाला आपण आठ महिने शिव्या देतो, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

तेच ऊन बॅटरीला मात्र बाधते. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. तिच्यात दोन मुख्य जाती आहेत. लोह-फॉस्फेटची, जिला एलएफपी म्हणतात, ती उष्णता अधिक सोसते आणि अधिक वर्षे टिकते. पारा ४५-४६ च्या वर जाणाऱ्या गावात गाडी घेताना बॅटरी कोणत्या जातीची, हा प्रश्न रंगाच्या आधी विचारावा. दुपारी धावून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, सावलीत थंड होऊ द्यावी, आणि रोज जलद चार्जर वापरू नये. स्कूटर जळण्याचे प्रकार २०२२ मध्ये बरेच झाले. त्यानंतर डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. त्यापूर्वी बनलेली गाडी जुन्या बाजारात स्वस्त मिळाली, तर ती स्वस्त का मिळते हे समजून घ्यावे.

कारच्या बॅटरीवर बहुतेक कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल त्याची हमी देतात. ती गाडी भाड्याने चालवल्यास लागू आहे का, दुसऱ्या मालकाला मिळते का, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. २०२४ मध्ये जगात बॅटरीचा सरासरी दर किलोवॅट-तासाला ११५ डॉलरपर्यंत उतरला. २०१० च्या सुमारास तो हजार डॉलरच्या वर होता. तरीही त्या दराने २४ युनिटांची बॅटरी सव्वादोन लाखांच्या पुढे जाते, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत ती बरीच महाग होते. सहा-सात वर्षांच्या विजेच्या गाडीला जुन्या बाजारात भाव का मिळत नाही, याचे उत्तर इथे आहे. घेणाऱ्याला ठाऊक असते की पुढचा खर्च आपल्या गळ्यात पडणार.

आणि आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. पेट्रोलची गाडी आपल्याकडे पंधरा-वीस वर्षे चालते, ती काही कंपनीच्या कृपेने नव्हे. ती चालते आपल्या गॅरेजच्या गल्लीतल्या उस्तादामुळे. तो इंजिन उघडून बसतो, जुन्या गाडीचा पार्ट शोधून बसवतो, नवा पाच हजारांचा आणण्याऐवजी पाचशेत जुना दुरुस्त करून देतो. पेट्रोल गाडीचा खर्च आपण कमी धरतो तेव्हा त्या माणसाची मेहनत आपण फुकटात धरत असतो. विजेच्या गाडीला हा माणूस अजून मिळालेला नाही. हमी आहे तोवर कंपनी दुसऱ्याला हात लावू देत नाही. हमी संपली की पूर्ण बॅटरी बदला म्हणते. पुष्कळदा सारी बॅटरी मेलेली नसते. शेकडो सेलांतला एखादा गट कमजोर होतो आणि बाकीच्यांना खाली ओढतो. तो शोधून तेवढाच बदलणारा कारागीर चंद्रपुरात आणि गडचिरोलीत बसला, तर आठव्या वर्षीचा लाखांचा खर्च हजारांत येईल, जुन्या गाडीला भाव मिळेल, आणि आम्ही वर मांडलेला सारा हिशेब विजेच्या बाजूने सरकेल.

आमच्या समाजातील किती घरे या धंद्यावर चालतात हे वाचकांना ठाऊक आहे. डेंटिंग, पेंटिंग, पंक्चर, सीट कव्हर, ब्रेक आणि सस्पेन्शनचे काम करणाऱ्यांना भीती नाही. विजेच्या गाडीलाही चाके आहेत आणि तीही ठोकली जाते. पण इंजिन, क्लच, सायलेन्सर, पंप-नोझल यांवर ज्यांची रोटी आहे, त्यांचे काम दर वर्षी थोडे थोडे कमी होत जाईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, सुतार आहे, मोटार मिस्त्री मात्र नाही. तेव्हा तिकडून मदत येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

शिकण्याची सुरुवात ई-रिक्षा आणि तीनचाकीपासून करावी. त्यांचा दाब साधारण ४८ ते ७२ व्होल्टचा असतो. बहुतेक कारमध्ये तो तीनशे व्होल्टच्या आसपास किंवा वर जातो. नारिंगी रंगाच्या केबलला पक्कड लावून पाहण्याची सवय तिथे जिवावर बेतेल. इन्सुलेटेड हातमोजे, तशीच हत्यारे, चांगला मीटर आणि स्कॅनर हा खर्च एका गॅरेजला जड आहे, गल्लीतल्या आठ-दहा गॅरेजना मिळून जड नाही. आणि शागिर्दांपैकी निदान एका मुलाने रीतसर शिकावे. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा ट्रेड आहे. प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात. ज्या मिस्त्रीच्या घरी दहावीचा मुलगा आहे, त्याने जवळच्या कोणत्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे आणि जागा किती, याची चौकशी निकालापूर्वीच करून ठेवावी, आणि मुलाचे दाखले, आधार व बँकेचे पासबुक एका पिशवीत तयार ठेवावे.